आपली पार्श्वभूमी कळवावी

(अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात दक्षिण आशियाचा भाग सांभाळणाऱ्या समुपदेशक बाईंना अनावृत पत्र)

स. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे घेत नाही. एकतर हे पत्र तुम्हांला कमी आणि तुमच्या खुर्चीला जास्त आहे. शिवाय तुमच्या व्यवसायाचा रिवाज पाहता दोन-तीन वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं असेल. त्यांनीही हे वाचावं.

मी मिरजेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे समुपदेशक असं पदच नाही. त्यामुळे चार-पाच वर्षांतून एखाद्या मुलाने किंवा मुलीने अमेरिकेला अर्ज करायचं मनावर घेतलं, की तुमच्या फॉर्मातला ‘स्कूल काउन्सेलर’ मी होतो आणि शिफारसपत्रासाठी रसायनशास्त्राच्या मॅडमना गळ घालतो. तुमच्या विद्यापीठाचं माहितीपत्रक माझ्या हाती आलं ते याच उद्योगात. त्यात तुमचा हसरा फोटो आहे आणि खाली चार ओळी. तुम्ही मिडवेस्टमधल्या एका लहान गावातल्या. मानसशास्त्र आणि नाट्यशास्त्र घेऊन याच विद्यापीठातून पदवी घेतलीत. विद्यार्थिनी असताना पाहुण्यांना आवार दाखवायचं काम करत होतात. आवडी म्हणजे डोंगर चढणं, केक भाजणं आणि पाळलेला कुत्रा. आवारातली आवडती जागा ग्रंथालयाच्या पायऱ्या.

वाचून बरं वाटलं. आमच्या प्रवेश प्रक्रियेत पलीकडे बसलेल्या माणसाला कुत्रा आहे की नाही हे कधी कळत नाही. किंबहुना पलीकडे माणूसच नसतो.

ते आधी सांगतो. महाराष्ट्रात बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटीचं पर्सेंटाइल, कॉलेजांचा पसंतीक्रम भरलेला ऑप्शन फॉर्म आणि मग कॅपच्या फेऱ्या. संगणक यादी लावतो. मुलगा गाणं म्हणतो का, त्याच्या घरी आजारी कुणी आहे का, परीक्षेच्या आदल्या रात्री वीज होती का, हे कुणी विचारत नाही. दशांशानंतरच्या चौथ्या-पाचव्या आकड्यावर गाव बदलतं, शाखा बदलते. हे निर्दय आहे, पण त्यात कुणाची आवडनिवड नाही. यादी मिरजेला जेवढी कळते तेवढीच मुंबईलाही कळते.

तुमच्याकडे मात्र माणूस वाचतो. ६५० शब्दांत स्वतःबद्दल लिही म्हणता. तुमच्याकडच्या विद्यापीठांच्या समाईक अर्जातला पहिलाच विषय असा, की तुझी पार्श्वभूमी, ओळख, आवड किंवा अंगचा गुण असं काही असेल की ज्याच्यावाचून तुझा अर्ज अपुरा वाटेल, तर ते सांग. वर्गाबाहेरच्या उद्योगांसाठी दहा रकाने, आणि एकेक उद्योग १५० अक्षरांत बसवायचा. शब्दांत नव्हे, अक्षरांत. शिक्षकांसाठी वेगळा तक्ता आहे. त्यात सरासरीच्या खाली, सरासरी, चांगला असं करत करत शेवटचा रकाना येतो : माझ्या साऱ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक. आमच्या एकेका तुकडीत शंभरावर मुलं असतात आणि त्यातली निम्मी क्लासला गेल्यामुळे वर्गात येत नाहीत. त्या रकान्यावर आमच्या मॅडम पेन धरून किती वेळ बसल्या होत्या ते तुम्ही पाहायला हवं होतं.

ज्या मुलीसाठी त्या बसल्या होत्या तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. अशा गोष्टी १५० अक्षरांत येत नाहीत.

मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतारी आणि तंबोरे करायला सुरुवात केली, आणि आज देशभरातल्या गवयांच्या मांडीवर मिरजेचा तंबोरा असतो. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरकडून भोपळे येतात, वाळवले जातात, त्यांवर तबली बसते, दांडी जोडली जाते. सगळ्यात शेवटी येतं ते जवारीचं काम. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसेने इतका हलका घासायचा, की तार सुटताना त्या उतारावर किंचित चाटून जावी. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि तो केसभर मागे-पुढे करत राहायचं. एका विशिष्ट जागी आला की तंबोरा एकदम उघडतो. हे कुठल्या मापाने होत नाही, कानाने होतं.

ही मुलगी आठवीपासून आजोबांच्या शेजारी बसून हे काम करत होती. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर एक निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू येतो तो हार्मोनिक ऐकू येऊ नये, असं पुस्तक म्हणतं. तंबोऱ्यात तो येतो. का येतो, हे मी फळ्यावर समजावत होतो आणि माझी आकृती चुकीची नसली तरी अपुरी आहे, हे मागच्या बाकावरून तिने सांगितलं. दोऱ्याची जागा मी दाखवलीच नव्हती.

अर्ज भरायला बसलो तेव्हा तिने उद्योगांच्या यादीत काय लिहिलं होतं सांगू? दोन दिवसांची रोबोटिक्स कार्यशाळा. वक्तृत्व स्पर्धेत सहभाग. वृक्षारोपण. प्रत्येकाचं प्रमाणपत्र तिच्याकडे प्लास्टिकच्या फाइलीत होतं. आजोबांच्या कारखान्याचा उल्लेखच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, “सर, ते घरचं काम आहे. त्याचं कुठे सर्टिफिकेट असतंय?”

तुमच्या फॉर्मात घरच्या जबाबदारीसाठी आणि कामासाठी वेगळे पर्याय आहेत, हे मी तिला दाखवलं. ही तुमच्या पद्धतीची जमेची बाजू आहे, ती नाकारत नाही. मग आम्ही दोघांनी पाच वर्षांचं काम १५० अक्षरांत कोंबलं. जवारी हा शब्द ठेवायचा की नाही यावर बराच खल झाला. ठेवला तर अर्थ सांगायला अक्षरं उरत नव्हती. काढला तर नुसतं ‘घरच्या वाद्यांच्या दुकानात मदत’ उरत होतं.

इथे मला तुमची आठवण झाली. म्हणजे तुमच्या त्या चार ओळींची. मनात आलं, या बाईंनी कधी व्हायोलिन हातात धरलं असेल का? त्यांच्या घरी कुणी सुतार, लोहार असेल का? असेल तर अशा १५० अक्षरांवर त्यांची नजर थांबेल. नसेल तर पुढे सरकेल, आणि त्यात त्यांचा काही दोषही नसेल. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत तुमच्यापुढे फायलींचा ढीग असतो. कित्येक विद्यापीठांत आता दोन वाचक एकाच वेळी एक अर्ज उघडतात. एक मार्क आणि शाळेची माहिती बघतो, दुसरा निबंध आणि शिफारसपत्रं, आणि काही मिनिटांत दोघांचं मत ठरतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२३च्या प्रवेशासाठी पहिल्या वर्षाचे १ लाख ४५ हजारांवर अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत ओळखीची गोष्ट पटकन दिसते आणि अनोळखी गोष्ट निसटते.

तिची अकरावीची गुणपत्रिका हा दुसरा अडथळा. तुम्ही नववी ते बारावी चारही वर्षं तोलता. आमच्याकडे दहावीला बोर्ड, बारावीला बोर्ड आणि मधली अकरावी म्हणजे श्वास घ्यायचं वर्ष, नाहीतर जेईईच्या क्लासचं. कॉलेजच्या अकरावीच्या परीक्षेत हुशार मुलंही जेमतेम मार्क घेऊन येतात, कारण ते मार्क इथे कुणी विचारत नाही. बारावीचा निकाल मे महिन्यात आणि तुमची मुदत बहुधा जानेवारीच्या पहिल्या तारखेला. म्हणजे तुमच्या हातात पडते ती नेमकी आमची सर्वांत बिनमहत्त्वाची गुणपत्रिका. हे मी शाळेच्या माहितीपत्रात लिहिलं होतं. वाचणाऱ्याने ते वाचलं असेल अशी आशा आहे.

तिला नकार आला. तुमच्याकडून नव्हे, दुसऱ्या एका विद्यापीठाकडून. तुमच्याकडे तिने अर्जच केला नव्हता. राग नाही. तिने पूर्ण आर्थिक मदत मागितली होती, आणि परदेशी मुलाने मदत मागितली तरी निर्णयावर त्याची सावली पडू न देणारी विद्यापीठं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी बोटांवर मोजण्याइतकी. बाकी ठिकाणी तो रकानाही तोलला जातो. ती कॅपच्या दुसऱ्या फेरीतून पुण्यात इंजिनिअरिंगला लागली आणि सुट्टीत येते तेव्हा कारखान्यात बसते. नकाराच्या पत्रात कारण नव्हतं. तुमच्याकडे कारण द्यायची पद्धतच नाही. आमच्या संगणकाने निदान आकडा तरी दाखवला असता.

पार्श्वभूमी विचारण्याच्या या पद्धतीला एक इतिहास आहे, आणि तो फारसा शोभिवंत नाही. तुमच्या प्रशिक्षणात कितपत सांगतात कोण जाणे. १९२२च्या सुमाराला हार्वर्डमध्ये पाचातला जवळपास एक विद्यार्थी ज्यू होता. अध्यक्ष लोवेल यांना ते खटकत होतं आणि उघड मर्यादा घालायची त्यांची इच्छा होती. प्राध्यापकांनी उघड कोटा मान्य केला नाही. मग अर्जात नवे प्रश्न आले : धर्म कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, वडिलांचा जन्म कुठला, जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललं आहे का. काही वर्षांत चारित्र्य, व्यक्तिमत्त्व हे निकष आले, फोटो मागितले जाऊ लागले. नुसत्या परीक्षेवर प्रवेश दिला की नको ती मुलं येतात, म्हणून ‘पूर्ण माणूस’ बघायची टूम निघाली. महाराष्ट्रात हे फार समजावून सांगावं लागत नाही. इथे सहज गप्पांत ‘आडनाव काय म्हणालात?’ असं कुणी विचारलं की विचारणाऱ्याला काय हवंय ते विचारलेल्याला बरोबर कळतं.

बरं, हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यावं, तर २०१८ साली हार्वर्डवरच्या खटल्यात वेगळंच पुढे आलं. प्रवेश अधिकारी अर्जदाराच्या व्यक्तिमत्त्वाला जे गुण देत, त्यांत आशियाई वंशाच्या मुलांना सरासरीने कमी पडत होते. त्यांतल्या बहुतेक मुलांना हे अधिकारी कधी भेटलेले नव्हते. ज्या माजी विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या, त्यांच्या गुणांत मात्र तेवढी तफावत नव्हती. हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाला नाही, असं त्या न्यायालयाने म्हटलं. पुढे जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करण्याची पद्धतच मोडीत काढली, पण त्याचं कारण निराळं होतं. मला अडकवून ठेवतो तो मधला तपशील. कागदावरून माणूस वाचताना वाचणारा स्वतःचं काहीतरी त्यात घालतो, आणि घालतोय हे त्याला कळत नाही.

याचा उलटा अनुभवही आमच्या पदरी आहे, आणि तो तुमच्या देशाचाच आहे. १८८३च्या जून महिन्यात न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे उतरलेल्या एका अठरा वर्षांच्या मराठी मुलीने फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं. आनंदीबाई जोशी. दाखवण्याजोगी पदवी जवळ नव्हती. तिने लिहिलं ते थोडक्यात असं, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. आणि स्नेह्यांचा आणि जातीचा विरोध सोसून मी इथवर आले, तो निश्चय प्रवेश देताना जमेस धरावा. तुमचे ६५० शब्द याहून वेगळं काय मागतात? कॉलेजने प्रवेश दिला, आणि खर्चासाठी शिष्यवृत्तीही.

त्या कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली. त्यांची पार्श्वभूमी बघा. जन्म सिनसिनाटीचा, आई स्वतः शाळा चालवायची. स्वतः डॉक्टरकी शिकलेल्या नव्हत्या, मानद एम.डी. नंतर मिळाली. मूळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि शिकवायच्या रसायनशास्त्र. सिनसिनाटीत असताना एका संग्राहकाच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या ढिगाची त्यांनी वर्गवार सूची केली होती. १८७४ साली ऑक्सिजनच्या शोधाची शताब्दी आली, तेव्हा जोसेफ प्रीस्टलीच्या पेनसिल्व्हेनियातल्या घरी रसायनशास्त्रज्ञांनी जमावं ही कल्पनाही त्यांचीच. दोन वर्षांनी निघालेल्या अमेरिकन केमिकल सोसायटीचं मूळ त्या मेळाव्यात आहे. म्हणजे अनोळखी नमुना हातात आला तर तो टाकून न देता कुठे बसतो ते शोधायची सवय बाईंना होती. हे माझं अनुमान आहे, पण मला ते पटतं.

आणखी एक काम त्यांनी केलं, ज्याचं मला सर्वांत कौतुक आहे. आपल्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या स्त्रियांना त्यांनी प्रश्नावली पाठवली : डॉक्टरकी करता का, कमाई किती, लग्नाचा कामावर काय परिणाम झाला. ती उत्तरं १८८१ मध्ये मांडली. प्रवेश दिलेल्या मुलींचं पुढे काय झालं हे आकड्यांत विचारणारी ती डीन होती. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला, १८८६च्या मार्चमध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या त्या त्यांच्याच निमंत्रणावरून. आणि पुढच्या वर्षी रमाबाईंच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावनाही बॉडलींचीच. आनंदीबाई तोवर पुण्यात वारल्या होत्या.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्या काळच्या मिशनरी आस्थेचा त्यांच्या आवडीत मोठा वाटा होता. पूर्वेकडच्या बायका शिकून परत जाव्यात, त्यात धर्माचंही काम व्हावं, अशी हवा त्या कॉलेजभोवती होती, आणि आनंदीबाई मात्र हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परतेन असं बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात सांगून निघाल्या होत्या. बॉडलींचा कल आमच्या बाजूने पडला एवढंच. पण तो काय होता, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. बाईंची पुस्तकं, भाषणं, श्रद्धा सगळं उघड होतं.

तुमच्या व्यवसायातलं अलीकडचं एक नाव मला या निमित्ताने आठवतं. एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या डीन मॅरिली जोन्स. मुलांवरचा ताण कमी करा, त्यांना परिपूर्ण व्हायला लावू नका, असं देशभर सांगत फिरायच्या; त्यावर पुस्तकही होतं. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९७९ साली नोकरीला लागताना सांगितलेल्या पदव्या खोट्या निघाल्या. दुसऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्यात जिची अठ्ठावीस वर्षं गेली, तिची स्वतःची कुणी तपासली नव्हती. खोटं ते खोटंच, त्याची पाठराखण नाही. पण त्या पदव्यांवाचून बाईंचं काम काही अडलं नव्हतं, हेही खरं.

तुमच्या पदव्या मला नकोतच. तुमच्या नोकरीला कुठलाही विषय चालतो हे मला माहीत आहे. पाहुण्यांपुढे उलटं चालत आवार दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांतूनच पुष्कळदा ही भरती होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर भाड्याच्या गाडीतून दिवसाला चार-चार शाळा, रात्री हॉटेल. मग हिवाळाभर वाचन. आणि पगार बघता जिथे तुम्ही मुलांना आत घेता, तिथल्या एका मुलाच्या एका वर्षाच्या खर्चाइतकाही सुरुवातीला नसतो. दोन-चार वर्षांत तुमच्यातले कितीतरी जण बाहेर पडतात. त्यात तुमचा दोष नाही.

पण बाहेर पडून काहीजण कुठे जातात? मुंबई-पुण्यात सल्लागारांची दुकानं आहेत. अकरावीत मुलाला संस्था काढून देतात, संशोधनाचा लेख मिळवून देतात, ‘पॅशन’ शोधून देतात. फी लाखांत. आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत असतं : अमेरिकी विद्यापीठांच्या माजी प्रवेश अधिकाऱ्यांचं मार्गदर्शन. म्हणजे वाचणाऱ्याला काय आवडतं, कशावर नजर थांबते, कुठला निबंध वाचून कंटाळा येतो, हे ज्ञान अस्तित्वात आहे. फक्त ते विकत मिळतं. बांद्र्याच्या मुलाला तुमची पार्श्वभूमी आणि आवडी माहीत असतात. मिरजेच्या मुलीला तुमचा कुत्रा माहीत असतो.

म्हणून ही मागणी. माहितीपत्रकातल्या त्या चार ओळींच्या जागी एखादं पान लिहा. तुमच्या घरात तुमच्या आधी कुणी कॉलेजला गेलं होतं का? हाताने काम करणारी माणसं तुम्ही जवळून पाहिलीत का? गणित तुम्हांला कुठवर झेपतं? तबल्याचा किंवा व्हायोलिनचा क्लास लावला होता का, आणि सोडला असेल तर का? गेल्या वर्षी कुठला अर्ज वाचून थबकलात? नाव नको, गोष्ट सांगा. कुठल्या तऱ्हेचे अर्ज आता वाचवत नाहीत? आमच्या राज्य मंडळाची गुणपत्रिका समोर आली की तुम्ही नेमकं काय बघता? आणि ज्यांना आत घेतलंत त्यांचं पुढे काय झालं हे तुम्हांला कुणी कळवतं का, की मे महिन्यात यादी बंद झाली की संबंध संपला?

ऑक्टोबरात तुमचा भारत दौरा असतो. मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि तिथल्या इंटरनॅशनल शाळा. या वेळी एक रात्र जास्तीची काढा. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस सुटते, सकाळी मिरजेला येते. स्टेशनवर मी येईन. आमच्या कॉलेजला सभागृह आहे, प्रोजेक्टरचा भरवसा देत नाही, आणि तुमचं विद्यापीठ ऐकायला किती मुलं येतील तेही सांगता येत नाही, कारण त्या वेळी निम्मी क्लासला असतात. पण अकरा वाजता माझा तास संपला की आपण सतारमेकर गल्लीत जाऊ. ज्या मुलीबद्दल लिहिलं तिचे आजोबा दुपारी एकपर्यंत कामावर असतात. जवारी लावताना बघायची असेल तर त्याआधी जावं लागेल. एकनंतर ते जेवून झोपतात आणि मग चारपर्यंत कुणासाठी उठत नाहीत.

कळावे,
आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, मिरज